पन्नास हजारांत पहिला गेमिंग कॉम्प्युटर : आमच्या घरचं गणित

या ब्लॉगवर मी आतापर्यंत चौथीच्या भागाकाराबद्दल, अवांतर वाचनाबद्दल, परिसर अभ्यासातल्या उपक्रमांबद्दल लिहीत आले. आजचा विषय पाहून काही शिक्षक मित्रमैत्रिणी हसतील. पण गेल्या पालकसभेनंतर तिघा पालकांनी मला गाठून एकच गोष्ट विचारली, "मॅडम, मोठा मुलगा गेमिंगचा कॉम्प्युटर मागतोय, काय करू?" विचारताना आवाज असा की मुलगा विडी मागत असावा. तिघांनाही मी उभ्या उभ्या जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी कॉम्प्युटरमधली तज्ज्ञ नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. जे माहीत आहे ते भाच्याबरोबर यादी करताना शिकले.

मे २०२४च्या शेवटी दहावीचा निकाल लागला. भाचा पास झाला, गणितात मात्र काठावर. ताईने आधीच कबूल केलं होतं की पास झालास तर कॉम्प्युटर. ताईचं घर घोडपदेवला, न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ज्या इमारती बांधल्या त्यांत. २२५ चौरस फूट, माणसं चार. तिचे सासरे, म्हणजे आमचे तात्या, गिरणीत फिटर होते, त्यांच्या नावावर ते घर. पैसे किती? ताईच्या भिशीचे तीस हजार, तात्यांनी दिलेले बारा, आणि भाच्याने दोन दिवाळ्या आणि वाढदिवसांचे जमवलेले आठ. पन्नास हजार.

भावजींचा विरोध होता. भाच्याने त्यांना सांगितलं होतं, "कोडिंगसाठी पाहिजे." मला म्हणाला, "मावशी, तू पण तसंच सांग ना." मी म्हटलं, मी खोटं सांगणार नाही, आणि तूही कागदावर "गेमिंग" असंच लिही. शिकायला लागलास तर त्याच मशीनवर कोडिंगही होतं, व्हिडिओ एडिटिंगही होतं, पण मागताना जे मागायचंय ते माग. त्याने रात्री बापाला खरं सांगितलं. भावजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दोन अटी घातल्या. पन्नास हजारांच्या वर एक रुपया नाही. आणि वर्षभरात बिघडला तर पुन्हा माझ्याकडे हात पसरायचा नाही.

पालकहो, या दोन अटींनी आमचं अर्धं काम केलं. पुढचं जवळजवळ सगळं त्यांतूनच ठरत गेलं.

भाच्याची पहिली यादी यूट्यूबवरून उतरवलेली. वर "आय७", खाली रंगीत दिवे लागणारं कॅबिनेट, दिव्यांचे पंखे, दिव्यांचा कीबोर्ड. नुसत्या दिव्यांचेच पाच-सहा हजार झाले असते. मी विचारलं, खेळायचं काय? म्हणाला, व्हॅलोरंट, जीटीए ५, आणि क्रिकेट. यादीची सुरुवात इथून करायला हवी होती. कोणता खेळ, तो किती मोठ्या पडद्यावर, त्याला कसलं ग्राफिक कार्ड लागतं, त्या कार्डाला साथ देईल असा प्रोसेसर कोणता, आणि या सगळ्याला वीज पुरवेल असा एसएमपीएस कोणता. आपण पाठाचं नियोजन करताना आधी उद्दिष्ट लिहितो आणि मग साहित्य. इथे मुलं साहित्यापासून सुरुवात करतात. (आपणही कधी कधी करतोच.)

मग जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो, नुसतं भाव विचारायला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण शंभर वर्षांपूर्वीच्या गव्हर्नरचं नाव काही लोकांच्या तोंडून जात नाही. घोडपदेवहून भायखळा स्टेशनपर्यंत चालत, पुलावरून पश्चिमेला, तिथून नागपाड्यावरून टॅक्सी. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

पहिल्याच दुकानाबाहेर फलक होता: "आय७ गेमिंग पीसी, ४ जीबी ग्राफिक, १४,९९९". भाच्याचे डोळे चमकले. माझेही चमकले, खोटं कशाला सांगू. नशीब, मी विचारलं, "आय७ कितव्या पिढीचा?" हा प्रश्न भाच्यानेच मला शिकवला होता आणि त्या क्षणी तोच विसरला होता. उत्तर आलं, दुसऱ्या. म्हणजे २०११चा. आय३, आय५, आय७ या आकड्यांना आपण इयत्ता समजतो, सातवीचा मुलगा तिसरीच्या मुलापेक्षा पुढे असणारच असं. पण ते आकडे त्या त्या वर्षातल्या तुकड्या आहेत. २०११चा आय७-२६०० चार कोरचा, २०२२चा आय३-१२१००ही चार कोरचा, आणि हा "तिसरीतला" त्या "सातवीतल्याला" सहज मागे टाकतो. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आणि ते ४ जीबीचं ग्राफिक कार्ड? जीटी ७३०. जीबी म्हणजे कार्डाची पिशवी केवढी ते. हातपाय किती चालतात ते त्यातून कळत नाही.

घरी आलो तेव्हा एका कागदावर भाव होते. भाच्याने बेरीज मांडली. प्रोसेसर आय३-१२१००एफ ८,२००. बोर्ड ६,०००. रॅम १६ जीबी ३,४००. एसएसडी ५०० जीबी ३,२००. ग्राफिक कार्ड आरएक्स ६६०० म्हणजे साध्या फुल एचडी पडद्यासाठी उत्तम, ८ जीबीचं, २०,५००. एसएमपीएस ४,०००. कॅबिनेट २,७००. बरोबर ४८,०००. त्याने पेन ठेवलं आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मी विचारलं, "आणि बघणार कशावर?"

मॉनिटर राहिला होता. कीबोर्ड-माऊस राहिला होता. आणखी साडेनऊ हजार. एकूण ५७,५००. पालकहो, यूट्यूबवरच्या "पन्नास हजारांत पीसी" या बहुतेक व्हिडिओंत मॉनिटर धरलेला नसतो, हे आधी तपासा. घरच्या टीव्हीला जोडता येईल का, असाही विचार झाला. पण एकाच खोलीत एकच टीव्ही, संध्याकाळी ताईच्या मालिका, त्यानंतर तात्यांच्या बातम्या. तो मार्ग ताईने एका वाक्यात बंद केला.

साडेसात हजार कुठून कापायचे यावर आठवडा गेला. हा आठवडा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण वर्गात विचारतो, एका पेनाची किंमत १२ रुपये तर ५ पेनांची किती. उत्तर एक, आणि ते पुस्तकाच्या मागे. इथे एकूण रक्कम बांधलेली, आणि आतल्या प्रत्येक आकड्याला दुसरा आकडा ओढत होता. बोर्ड बदलला की प्रोसेसर बदलतो, कार्ड बदललं की एसएमपीएस. गणितात काठावर पास झालेला हा मुलगा रोज संध्याकाळी न सांगता नवीन बेरीज घेऊन यायचा. अकरा कागद झाले, मी जपून ठेवलेत.

एक मार्ग सेकंडहँड कार्डाचा होता. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक कार्डांनी ते "खणायचं" बंद झालं, आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात उतरली. आरएक्स ५८० सहा-सात हजारांत मिळत होतं. वाईटच निघेल असं नाही, पण ते आधी किती राबलंय ते वरून दिसत नाही आणि वॉरंटी नाही. भावजींची दुसरी अट आठवली आणि तो कागद बाजूला ठेवला.

दुसरा मार्ग, स्वस्त नवीन कार्ड. जीटीएक्स १६५०, बारा हजारांच्या आसपास, ४ जीबी. सगळं धरून पन्नासच्या आत बसत होतं. भाच्याला हेच हवं होतं, कारण "कार्ड" असणार होतं. मित्रांत सांगता आलं असतं. मला ते पटेना. २०१९चं कार्ड, ते घेतल्यावर हातात काही उरत नाही, आणि वर्षा-दीड वर्षात बदलायची वेळ आली की हे बारा हजार गेले. ज्यांनी तेच घेतलंय त्यांनी रागावू नये, कार्ड चालतं. आमच्या परिस्थितीत बसत नव्हतं इतकंच.

तिसरा मार्ग कार्डच न घेण्याचा. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर २०२१चा, सहा कोरचा, आणि त्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक असतं. व्हॅलोरंट त्यावर छान चालतं, जीटीए ५ चित्रांची गुणवत्ता थोडी उतरवून चालतं. नव्या मोठ्या खेळांना दम लागतो. पण पैसे उरतात, आणि पुढे खरं कार्ड बसवता येतं. (इंटेलच्या नावामागे "एफ" असेल तर त्या प्रोसेसरात ग्राफिक नसतं, कार्ड घ्यावंच लागतं. हे एक अक्षर न पाहता घेऊन आलेले लोक मी दुकानात भांडताना पाहिलेत.)

दोन दिवस भाचा माझ्याशी नीट बोलला नाही. गेमिंग कॉम्प्युटर, आणि ग्राफिक कार्ड नाही! मग तिसऱ्या दिवशी अकरावा कागद आला. त्यावर ५६००जी होता, आणि खाली लिहिलं होतं: "कार्ड पुढच्या वर्षी. एसएमपीएस आत्ताच मोठा."

खरेदीच्या दिवशी भावजी आले. सुट्टी टाकून. मला अपेक्षा नव्हती. तेव्हा दुकानात जे झालं ते जसं झालं तसं सांगते, कारण तुम्हालाही यातून जावं लागेल. दुकानाचं नाव लिहीत नाही.

आधी विचारणा झाली, "बिलाने की बिनबिलाने?" बिलाने म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून. बिनबिलाने रक्कम कमी होते आणि कुणालाही मोह होईल. पण पुढे वॉरंटीसाठी सुट्या भागाचा नंबर आणि बिल दोन्ही दाखवावं लागलं तर काय करणार? भावजीच म्हणाले, "बिल पाहिजे."

मग बोर्ड. बी४५० या जातीचा बोर्ड ५६००जीपेक्षा तीन वर्षं जुना. दुकानात जुना साठा पडून असेल तर आतलं बायोस या प्रोसेसरला ओळखतच नाही आणि मशीन सुरू होत नाही. भाच्याने खोका उलटसुलट करून विचारलं, "यावर रायझन ५००० रेडीचा स्टिकर कुठेय? नसेल तर बायोस अपडेट करून द्याल का?" दुकानदाराने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि आतून दुसरा खोका मागवला. भावजी काही बोलले नाहीत, पण तिथून पुढे दुकानदार काही सांगायला लागला की ते मुलाच्या तोंडाकडे बघायचे.

रॅमला पुन्हा अडलं. दुकानदार १६ जीबीची एकच पट्टी देत होता, दोनशे रुपये स्वस्त. ज्यांनी चाळीत वेळेत पाणी भरलंय त्यांना हे लगेच कळेल. पिंप तेवढंच असलं तरी एका नळाने भरायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात दोन नळांनी भरतं. ५६००जीचं ग्राफिक स्वतःची वेगळी मेमरी नसल्यामुळे हीच रॅम वापरतं, त्यामुळे त्याला दोन नळ हवेतच. आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्या, ३२०० वेगाच्या. घरी आल्यावर बायोसमध्ये जाऊन तो वेग चालू करावा लागतो, नाहीतर पट्टी कमी वेगाने धावत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटी एसएमपीएस. "कार्ड नाही ना? मग हा घ्या, ४५० वॅट, नऊशे रुपये. चार हजार कशाला घालता?" दुकानदाराचं म्हणणं त्या दिवसापुरतं खरंच होतं. भावजींनाही पटलं. "आत्ता लागत नाही तर आत्ता का घ्यायचा?" भाचा समजावत होता की आरएक्स ६६०० एकटंच सुमारे १३२ वॅट ओढतं, स्वस्त डब्यावर छापलेला आकडा तेवढी वीज खरंच देईल याची खात्री नसते, कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्यात नाही, आणि डबा जळताना शेजारच्यालाही घेऊन जातो. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का म्हणजे निम्म्या भारावर किमान ८५ टक्के वीज कामी लागते, बाकीची उष्णता होते, हेही त्याने सांगितलं. भावजी ऐकत होते, पण चार हजार हा आकडा त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

त्यांनी फोन काढून तात्यांना लावला. तात्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ती मशीनची मोटरच ना?" आणि म्हणाले, "मोटरीत काटकसर करू नका. मशीन कितीका भारी असंना, मोटर जळली की खातं बंद."

५५० वॅटचा घेतला. ४,०५० रुपये.

पूर्ण हिशोब देते, म्हणजे ताडून पाहता येईल. प्रोसेसर ११,४००, बोर्ड ६,३००, रॅम ३,५००, एसएसडी ३,१५०, एसएमपीएस ४,०५०, कॅबिनेट २,६००, २४ इंची मॉनिटर ८,५००, कीबोर्ड-माऊस १,०४०. एकूण ४०,५४०. शिल्लक ९,४६०. हे भाव जून २०२४चे आहेत, आज जसेच्या तसे धरू नका. २०२५च्या अखेरीस तर रॅमचे भाव असे चढले की तेव्हाचे ३,५०० आठवून हसू येतं.

विंडोजचं राहिलं. दुकानदार "टाकून देतो, फुकट" म्हणाला. असं फुकट म्हणजे चोरीचं, आणि त्यात आणखी काय काय भरलेलं असेल ते आपल्याला दिसत नाही. भाच्याने कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घेऊन स्वतः टाकलं. परवाना घेतलेला नाही, त्यामुळे कोपऱ्यात सक्रिय करा अशी पाटी दिसत राहते. हे पूर्ण नियमात बसत नाही हे मी मान्य करते. तो खर्च आमच्या यादीत अजून बाकी आहे, तुम्ही तुमच्या बेरजेत पहिल्यापासून धरा. यूपीएस घेतला नाही. बेस्टची वीज सहसा जात नाही, १२ ऑक्टोबर २०२०सारखा दिवस सोडला तर.

जोडणी घरीच केली, जमिनीवर चादर टाकून. प्रोसेसर, रॅम, पंखा सगळं नीट बसलं. शेवटी बटण दाबलं तर काहीच नाही. बटणाच्या इवल्याशा वायरी चुकीच्या पिनांवर गेल्या होत्या. तात्या भिंग घेऊन माहितीपत्रकातली आकृती बघत बसले, भावजींनी मोबाइलची बॅटरी धरली. अर्ध्या तासाने पंखा फिरला.

विजेच्या बिलाचीही भीती घालतात म्हणून सांगते. पुढे कार्ड बसवल्यावर सगळं मिळून २५० वॅट धरा. रोज दोन तास खेळला तर अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. आपल्या बिलावरच्या दराने गुणा, आणि हा गुणाकार मुलाकडूनच करून घ्या.

उरलेले ९,४६० मी समजत होते ताईने घरात वापरले. तसं नव्हतं. भावजींनी ते बँकेत ठेवले आणि जुलैपासून वर्षभराची आरडी उघडली, महिना नऊशे. मला हे गेल्या वर्षी, २०२५च्या गणपतीआधी कळलं, जेव्हा भाच्याचा फोन आला, "मावशी, शनिवारी मोकळी आहेस? पप्पा म्हणतायत लॅमिंग्टन रोडला जाऊ." आरएक्स ६६०० वीस हजार तीनशेला मिळालं. एसएमपीएस बदलावा लागला नाही, आठ पिनांची वायर वर्षभर कॅबिनेटच्या मागे गुंडाळून ठेवलेली होती, ती सोडवून लावली.

बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डाचेही फिरले, पण पडदा काळा. भाच्याचा चेहरा उतरला. कार्ड काढून पुन्हा बसवलं, रॅम काढून पुन्हा बसवली. ताई दाराशी उभी राहून विचारायला लागली, बिल जपून ठेवलंय ना म्हणून. भावजी खाली वाकून मागच्या बाजूला बघत होते. म्हणाले, "अरे, टीव्हीची वायर अजून जुन्याच भोकात आहे. ती या नव्या कार्डात नको का लावायला?"